फोन गेटवर, फाइल कॉलेजात

प्रति,
नागपुरात अप्रेंटिसशिपसह पदवी देणाऱ्या महाविद्यालयांचे प्राचार्य
आणि त्यांच्याशी करार करणाऱ्या कंपन्यांचे एचआर अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

हे पत्र मी फोनमध्ये बोलून लिहिलं आहे. धाकट्या बहिणीने ते मला दोनदा वाचून दाखवलं, ऱ्हस्व-दीर्घ तिनेच तपासले. तक्रार मात्र माझी आहे.

मी लॉजिस्टिक्सच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पहिली दोन वर्षं वर्गात गेली, हे वर्ष खापरीच्या पुढे एका गोदामात अप्रेंटिस म्हणून चाललं आहे. मला डिस्लेक्सिया आहे, जोडीला थोडा डिसग्राफिया. म्हणजे वाचायला वेळ लागतो, लिहायला त्याहून जास्त, आणि कुणी घाई केली की अक्षरं जागा बदलतात. डोकं ठीक आहे. हे शेवटचं वाक्य दर वेळी सांगावं लागतं, म्हणून इथेही सांगून टाकते.

सकाळी सीताबर्डीहून ऑरेंज लाइनची मेट्रो पकडते. काँग्रेस नगर, रहाटे कॉलनी, अजनी... डब्यात स्टेशनचं नाव बोलून सांगतात, त्यामुळे पाटी वाचायची वेळ येत नाही. खापरीला उतरून कंपनीची बस. गेटवर पोचलं की सिक्युरिटीवाले दादा माझा फोन घेतात, खणात ठेवतात आणि हातात एक टोकन देतात. माझं टोकन बहुतेक वेळा ४१ नंबरचं. फ्लोअरवर मोबाइल न्यायचा नाही, नियम सगळ्यांना सारखा.

आता अडचण अशी की माझं वाचन त्या फोनमध्ये आहे. कागदावर कॅमेरा धरला की ॲप मला मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं, आणि मी बोलले की ते टाइप करतं. चष्मेवाल्या माणसाकडून गेटवर चष्मा जमा करून घेतल्यासारखं आहे हे. मी एकदा दादांना तसं सांगितलं. ते हसले नाहीत की रागावले नाहीत. म्हणाले, "मॅडम, मला वरून लेखी लागते."

ते लेखी कुणी द्यायचं, हे मी गेले चार महिने शोधते आहे.

आधी एचआरच्या मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "तू आमची एम्प्लॉयी नाहीस, ट्रेनी आहेस. कॉलेजचं पत्र आण." कॉलेजात जायला एक दिवस रजा टाकली, त्या दिवसाचा स्टायपेंड गेला. तिथले समन्वयक सर भले आहेत, त्यांनी बसवून पाणी दिलं. म्हणाले, "तुझं सर्टिफिकेट आहे की आपल्या फाइलला. लेखनिक मिळतो, जादा वेळ मिळतो. कंपनीच्या आतलं मात्र आम्ही कसं सांगणार?" पुन्हा एचआर. आता मॅडम म्हणाल्या की अशा परवानगीचा त्यांच्याकडे फॉरमॅटच नाही, कॉलेजने करार पाठवला तेव्हा त्यात काही लिहिलेलं नव्हतं. दोघंही खोटं बोलत नव्हते.

त्या फाइलमधल्या सर्टिफिकेटबद्दल थोडं सांगते. डिस्लेक्सियासारख्या अध्ययन अक्षमतेचं (लर्निंग डिसॅबिलिटीचं) प्रमाणपत्र शाळेत असताना मिळालं तरी अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. अठराला मिळालेलं मग आयुष्यभर चालतं. माझ्या त्या तपासणीसाठी बाबांनी तीन दिवस ऑटो बंद ठेवून मला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. आई डबा घेऊन बाहेर बाकावर बसायची. तिघांचे मिळून नऊ दिवस घालून आणलेला तो कागद कॉलेजच्या कपाटात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये आहे आणि वर्षातून दोनदा, परीक्षेच्या आधी, बाहेर निघतो. कंपनीला तो कधी दिसलाच नाही.

यात तुमचा दोष काढायचा तर अर्धाच काढावा लागेल. आपल्याकडे या गोष्टीची सुरुवातच परीक्षेतून झाली. दहावीला अशा मुलांना सवलती देण्यात महाराष्ट्र देशात पहिला होता, १९९६ पासून. जादा वेळ, कॅल्क्युलेटर, सोपं गणित, लेखनिक. मी स्वतः त्याच जिन्याने वर आले, ते विसरत नाही. पण तेव्हापासून "लर्निंग डिसॅबिलिटी" म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे परीक्षेचा हॉलच येतो. ताशी २० मिनिटं जास्त दिली की झालं काम. अप्रेंटिसचा वर्ग हॉलमध्ये भरत नाही हो. तो रॅकच्या गल्लीत भरतो, आठ तास, आणि क्रेडिटही त्याचेच मिळतात.

गल्लीतलं एक उदाहरण सांगते.

माझ्याकडे पुट-अवेचं काम आहे. माल उतरला की इनवर्डला, म्हणजे माल आत घेतात तिथे, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) होतं, पॅलेटवर, म्हणजे माल रचलेल्या फळीवर, लेबल लागतं, आणि लेबलवर जे लोकेशन असेल तिथे तो पॅलेट पोचवायचा. लोकेशन म्हणजे गल्ली, रॅक, मजला: बी-०८-०३ असं काहीतरी, पण इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत. हँडहेल्ड स्कॅनरच्या बारक्या पडद्यावर इंग्रजी बी, डी आणि आठ हे तिघं मला सख्खे भाऊ वाटतात. रॅकचा बारकोड स्कॅन केला तर चूक मशीनच पकडतं. पण जुन्या गल्ल्यांमध्ये वरच्या मजल्यांचे स्टिकर फाटलेत, तिथे कोड हाताने टाकतात. पहिल्या पंधरवड्यात माझे तीन पॅलेट चुकले. चुकलेला पॅलेट कुठे जात नाही, गोदामातच असतो. पण सिस्टिम एक जागा दाखवते, रॅकवर भलतंच निघतं, आणि चार माणसांची अर्धी शिफ्ट तो शोधण्यात जाते. सुपरवायझर सर वैतागून म्हणाले, "अरे, वाचून नाही राहिली का तू?" मी वाचतच होते. वाचूनच तर चूक झाली होती.

आमच्याकडे एक जुने लोडर काका आहेत. त्यांनी दोन दिवस माझं काम नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी चहाला थांबवून विचारलं, "रंग तं दिसते ना तुले?" म्हटलं, हो. संध्याकाळी मी सीताबर्डीवरून टेपचे दोन रोल आणले, एक हिरवा, एक पिवळा, दोन्ही मिळून ८० रुपये. काकांनी बी गल्लीच्या खांबांना हिरवी पट्टी मारली, डी गल्लीला पिवळी. इनवर्डला त्यांच्या हातून पॅलेट जायचा तेव्हा लेबल वाचून ते पॅलेटभोवतीच्या प्लास्टिकवर त्याच रंगाचा बोटभर तुकडा चिकटवायचे. मी रंगाला रंग जुळवायचा आणि मगच अक्षर ताडून बघायचं. पुढचे सहा आठवडे माझा एकही पॅलेट चुकला नाही. बाकीच्या पोरांच्या चुकाही कमी झाल्या. हे मी नाही म्हणत, सुपरवायझर सरांनी त्यांच्या वहीत मोजलं होतं.

मग एका ग्राहक कंपनीचं फाइव्ह-एसचं, म्हणजे कामाच्या जागेच्या नीटनेटकेपणाचं, ऑडिट लागलं. ऑडिटच्या आदल्या रात्री साफसफाई झाली, नकाशात नसलेल्या खुणा काढून टाकायचा आदेश निघाला, आणि सकाळी खांब लख्ख. पुढच्या आठवड्यात माझे दोन पॅलेट चुकले. महिन्याच्या मूल्यांकनाच्या तक्त्यात शेरा आला: "कामात लक्ष कमी."

टेप काढणाऱ्या माणसावर माझा राग नाही. ती टेप का लावलीय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं असतं तर ऑडिटवाल्यांनीही बहुतेक टिक मारली असती, कारण रंगीत खुणा हा फाइव्ह-एसचाच भाग आहे. काकांच्या चांगुलपणावर माझं शिक्षण सात महिने चाललं आहे. काका पुढच्या वर्षी गावी जाणार आहेत.

दुसरी गोष्ट लॉगबुकची, ती कॉलेजच्या बाजूची. दिवसभर काय शिकलो ते रोज एक पान, इंग्रजीत, स्वतःच्या हस्ताक्षरात. परीक्षेत माझ्यासाठी दुसऱ्याने लिहिलेलं चालतं, कायद्याने चालतं. लॉगबुकात मात्र "स्वहस्ताक्षरात" या शब्दाखाली लाल रेघ आहे. शिफ्ट संपते सहाला, घरी पोचते आठला, आणि एक पान भरायला मला दीड तास लागतो. कॉलेजचे मेंटॉर सर दोनदा गोदामात आले. दोन्ही वेळा ऑफिसात बसले, लॉगबुक चाळलं आणि लिहिलं, "अक्षर सुधारावे." त्यांनी मला एकदा जरी विचारलं असतं की पुट-अवे म्हणजे काय ते सांग, तर मी त्यांना अर्धा तास बोलून दाखवलं असतं, जीआरएनपासून डिस्पॅचपर्यंत. टाइप करून देऊ का, असं मी विचारलं. उत्तर आलं की मग सगळेच टाइप करतील. करू द्या की! आठ तास फ्लोअरवर उभं राहिलेल्या पोरांचं अक्षर तपासून कुणाचं काय भलं होतं, हे मला खरंच कळलेलं नाही.

आता माझी चूकही सांगते, नाहीतर हे पत्र अर्धवट राहील. कंपनीच्या फॉर्मवर "दिव्यांग: हो / नाही" असा रकाना होता. मी "नाही"वर खूण केली. सीनियर मुलींनी सांगितलं होतं, सांगू नको, घेणार नाहीत; एकदा आत गेलीस की बघू. प्लेसमेंटच्या सेमिनारमध्ये कुणी एका शब्दाने सांगितलं नाही की "हो" लिहिल्यावर पुढे काय होतं. कुणाला कळवलं जातं, काय मिळतं, निवडीवर परिणाम होतो की नाही. काहीच माहीत नसताना माणूस लपवतोच. मी तीन महिने लपवलं, आणि त्या तीन महिन्यांत लोकांनी मला निष्काळजी ठरवून टाकलं. आता खरं सांगितलं तरी ते बहाण्यासारखं वाटतं.

माझ्या बॅचचा एक मुलगा अजूनही लपवून आहे. त्याचं नाव किंवा कंपनी सांगणार नाही. त्याला एका कानाने कमी ऐकू येतं, अपंगत्वाची टक्केवारी चाळीसच्या खाली, म्हणजे सवलतींच्या नेहमीच्या अटीत तो बसत नाही. मागून फोर्कलिफ्ट (पॅलेट उचलणारी गाडी) येते तेव्हा बजर वाजतो, पण कोणत्या बाजूने ते त्याला कळत नाही, म्हणून तो सतत मान वळवत चालतो. त्यांच्याकडे तीन फोर्कलिफ्ट आहेत. एकीला जमिनीवर निळा ठिपका पाडणारा दिवा आहे, गाडीच्या आधी ठिपका पुढे येतो. तो म्हणतो, त्या गाडीच्या शिफ्टला माझी मान दुखत नाही. उरलेल्या दोन गाड्यांना तसाच दिवा लावायला किती लागेल, हे त्याने नेटवर पाहून ठेवलंय, पण मागणार कसा? मागितलं तर कारण सांगावं लागेल.

इथे मला थोडं कायद्याचं बोलायचंय. मी वकील नाही, पण हे सगळं मी ॲपकडून वाचवून घेतलं आहे, काही भाग चार-चार वेळा.

एचआरच्या मॅडमचं म्हणणं बरोबर आहे. अप्रेंटिस कायदा १९६१ चा, त्याच्या कलम १८ नुसार अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी, कामगार नाही. पण त्याच कायद्याचं कलम १४ कारखान्यात शिकणाऱ्या अप्रेंटिसला आरोग्य आणि सुरक्षेच्या बाबतीत कामगाराच्याच रांगेत उभं करतं. फोर्कलिफ्ट ट्रेनी आणि कामगार असा फरक करत नाही, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाही कळत होतं.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. १९९५ च्या जुन्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, या नव्यात २१ आहेत, आणि अध्ययन अक्षमता त्यात नावानिशी आहे. कलम १६ शिक्षणसंस्थांना सांगतं की विद्यार्थ्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय करा. ती सोय परीक्षेपुरती असं तिथे लिहिलेलं नाही. शिक्षणाचं वर्ष तुम्ही गोदामात हलवलं असेल तर सोयीची जबाबदारीही गोदामात हलते, असं मला वाटतं. आणि "वाजवी" म्हणजे समोरच्यावर डोईजड बोजा पडणार नाही अशी. ८० रुपयांची टेप डोईजड आहे का, ते तुम्हीच सांगा.

कंपन्यांसाठी एक गंमत आहे. या कायद्याच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे वीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं, आणि त्यात संपर्क अधिकारी नेमायचा असतो. अप्रेंटिस घेणं बंधनकारक होतं ते तीस माणसांपासून पुढे. म्हणजे जिला अप्रेंटिस घ्यावेच लागतात त्या प्रत्येक कंपनीकडे असा अधिकारी असायलाच हवा. माझं गणित कच्चं आहे, पण एवढं मलाही जमतं. त्या नियमात शब्द "कर्मचारी" असा आहे, तेही मी वाचलंय. त्या शब्दाच्या आड उभं राहायचं की नाही, हा तुमचा प्रश्न.

आणि चाळीस टक्क्यांच्या आतल्या मुलांसाठी: विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये सांगितलं की वाजवी सोय मिळायला चाळीस टक्क्यांची अट लावता येणार नाही. त्या उमेदवाराचा प्रश्न लेखनिकाचा होता, पण तत्त्व तेच.

इंग्लंडमध्येही पदवी करता करता अप्रेंटिस असलेल्या मुलांची अशीच कोंडी आहे. तिथल्या विद्यापीठातल्या दिव्यांग विद्यार्थ्यांना मिळणारा सरकारी भत्ता अप्रेंटिसला मिळत नाही. पण त्याऐवजी शिकवणाऱ्या संस्थेला त्या मुलाच्या मदतीसाठी सरकारकडून महिन्याला १५० पौंड मागता येतात, आणि कामाच्या जागेवरच्या सोयींसाठी वेगळी योजना आहे. तिथे सगळं आलबेल असेल असं नाही. पण कुठल्या खिडकीवर जायचं, हे निदान लिहून ठेवलंय. आपल्याकडे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) अशा पदव्यांसाठी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, २०२५ मध्ये नव्याने काढल्या, नागपुरात एकेक कॉलेज हे अभ्यासक्रम सुरू करतंय, बॅनर लागताहेत. खिडकी मात्र अजून कुणी उघडलेली नाही.

माझं मागणं पैशाचं नाही. कॉलेज, कंपनी आणि विद्यार्थी यांचा करार होतो तेव्हा त्याला एक पान जोडा. त्यावर साध्या मराठीत लिहा की या मुलीला काय अडतं, त्यासाठी काय करायचं, आणि ते कोण करणार. कॉलेजचा एक माणूस, कंपनीचा एक माणूस, दोघांचे नंबर. माझ्या पानावर चार ओळी पुरल्या असत्या: वाचनाच्या ॲपसाठी फोन किंवा कंपनीचाच एखादा टॅब फ्लोअरवर चालेल, गल्ल्यांना रंगाची खूण राहील आणि ऑडिटच्या नकाशात दाखवली जाईल, लॉगबुक बोलून टाइप केलेलं चालेल, टॅबवर घेतात त्या थिअरीच्या चाचणीलाही परीक्षेसारखाच जादा वेळ मिळेल. कॅमेऱ्याची भीती असेल तर कॅमेऱ्यावर स्टिकर लावा, मी साध्या स्कॅनरला जोडून वाचून घेईन. यावर बोलता येतं. पण बोलायला समोर कुणीतरी हवं.

हे पान मुलाखतीच्या आधी मागू नका. निवड झाल्यावर मागा, आणि तसं आधीच सांगा. नाहीतर पोरं "नाही"वरच खूण करत राहतील.

मेंटॉर सरांना एक विनंती. पुढच्या वेळी याल तेव्हा ऑफिसात बसू नका. सेफ्टी शूज गेटवर मिळतात. माझ्याबरोबर एक पॅलेट इनवर्डपासून रॅकपर्यंत चालत या. वीस मिनिटं लागतील. मग हवा तो शेरा लिहा.

माझे अजून चार महिने राहिले आहेत. जुलैत नवी बॅच येईल, त्यात माझ्यासारखी एक-दोन असणारच. ते पान कसं असावं याचा एक मसुदा मी बहिणीकडून लिहून घेतला आहे, एका बाजूचा. ज्या प्राचार्यांना किंवा एचआर विभागाला तो हवा असेल त्यांना आणून देईन. रविवारी मला सुट्टी असते, त्यामुळे स्टायपेंडही कापला जाणार नाही. खांबांवरून सोलून काढलेली टेप काकांनी फेकली नव्हती, पण ती आता चिकटत नाही. हिरव्या आणि पिवळ्या रंगाचा एकेक नवा रोल मी आणून माझ्या लॉकरमध्ये ठेवला आहे. लावायला परवानगी तेवढी लेखी हवी.

आपली नम्र,
शेवटच्या वर्षाची एक अप्रेंटिस विद्यार्थिनी
नागपूर